हबीबचाचांचं भिंग

फोटोच्या धंद्याचं एक आहे. फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, निगेटिव्हच्या काचा आपण बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवतो, आणि किस्से मात्र कोणी ठेवत नाही तरी साचत जातात. पांढरकवड्याला हबीबचाचांच्या स्टुडिओत माझी एकोणीस वर्षं गेली. त्यातली छप्पन्न सालानंतरची चार-पाच वर्षं एका भिंगाच्या शोधात गेली. ती आठवली की आजही माझी मान दुखते.

आधी थोडं समजून घ्या. आमचा कॅमेरा लाकडी, तिपाईवरचा, कातडी भात्याचा. मागे एक घासलेली काच. चाचा डोक्यावर काळं फडकं घ्यायचे, लेन्सचं टोपण काढायचे, की समोरचा माणूस त्या काचेवर उलटा उमटायचा, डोकं खाली आणि पाय वर. मग त्याचे डोळे साफ दिसेपर्यंत स्क्रू फिरवायचा. जमलं की टोपण परत लावायचं, प्लेट बसवायची, पुन्हा टोपण काढून ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं, आणि टोपण बंद. टोपण लावलेलं असलं तर काचेवर नुसता अंधार. सगळी कारागिरी त्या डोळे साफ दिसण्यात!

आणि नेमके चाचांचेच डोळे अधू होत चालले होते. हे ते कबूल करत नव्हते. म्हणायचे, काच जुनी झाली. मग म्हणायचे, उजेड कमी झाला. शेवटी म्हणाले, एक चांगलं भिंग पाहिजे, काचेवर ठेवून बघायला.

माझं काम रिटचिंगचं. निगेटिव्हवर पेन्सिल लावली की फोटोत पांढरं उमटतं, ब्लेडने खरवडलं की काळं. चाचांच्या हातून माणसाचे डोळे पुसट आले की ते मी काढायचे. रोज. दिवसाला आठ, दहा, सणासुदीला वीस डोळे. मी एकदा म्हटलं, चाचा, फोकस मी बघू का? ते म्हणाले, “फडक्याखाली दोघं मावत नाही, परसराम.” विषय संपला.

*

पहिली तक्रार आमच्याच लोकांकडून आली. मी बंजाऱ्यांच्या तांड्यातला, त्यामुळे आसपासच्या तांड्यांवरच्या बायका फोटोला आमच्याकडेच यायच्या. एक म्हातारी याडी, म्हणजे आमच्या बोलीत आई, आली. अंगावर सगळा साज, ओढणीच्या कडेला आरसे टाचलेले. चाचा फडक्याखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग खूष होऊन म्हणाले, झाकपाक आला.

फोटो खरंच झाकपाक आला होता. ओढणीवरच्या एकेका आरशाचा टाका मोजता येत होता. एका आरशात तर आमचा कॅमेरा, तिपाई आणि फडक्याखालचे चाचासुद्धा दिसत होते. चकाकणारी वस्तू अधू डोळ्याला आधी सापडते, म्हणून चाचांनी फोकस आरशांवर धरला होता. चेहरा त्यांच्या पुढे, धुक्यात.

याडीने फोटो दूर धरला, जवळ धरला. मग मला शांतपणे विचारलं, “ओढणी तं माहीच हाय. पण आत कोण बसली हाय?”

त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण चेहरा काढला.

*

डोळे काढून काढून माणूस थकला की तो हात चालेल तसे काढतो. माझ्याकडे डोळ्यांचा एकच नमुना होता, सकाळी दाढी करताना आरशात दिसायचा तो. तोच मी सगळ्यांना लावत गेलो. मला वाटलं, कोणाच्या लक्षात येतंय?

किसनराव म्हणून एक गृहस्थ लग्नं जुळवायचे. त्यांनी मुकुटबनच्या मुलाचं राळेगावच्या मुलीशी जमवत आणलं होतं. मुलीचा मामा पांढरकवड्याचा, त्यामुळे दोघांचेही फोटो आमच्याकडचे. मुलाच्या बापाने दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. म्हणाला, हे तर सख्खे बहीणभाऊ वाटतात.

किसनराव तडक आमच्याकडे आले. भिंतीवर आमचे नमुन्याचे फोटो लावलेले होते. त्यात तलाठी होता, पोलीस हवालदार होता, एक नवरी होती, पेढीवरचे शेटजी होते. किसनरावांनी एकेकाच्या डोळ्यांवर बोट ठेवत पूर्ण भिंत पालथी घातली. मग वळून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

“सारा तालुका एकाच मायचा हाय का, परसराम?”

लग्न झालं शेवटी. मुलाला काळा चष्मा लावून दुसरा फोटो काढला. चाचा म्हणाले, आता भिंग घेतलंच पाहिजे. जणू भिंगानेच एवढे दिवस आमची अडवणूक केली होती.

*

सुरुवात फुकटच्या भिंगापासून. शेजारी घड्याळजी होता. तो डोळ्याच्या खोबणीत बसवायचं काळं भिंग वापरायचा, ते चाचांनी दुपारपुरतं आणलं. बाकावर एक ट्रक ड्रायव्हर बसवलेला, हैदराबादकडे निघालेला, घाईत.

चाचा आत गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ड्रायव्हर मला खुणेने विचारू लागला, म्हातारा झोपला की काय. मी फडक्याजवळ जाऊन हळूच विचारलं, काय दिसतं?

आतून आवाज आला, “वाळू.”

भिंग इतकं जबर होतं की माणूस दिसण्याऐवजी काचेचा खरखरीतपणाच दिसत होता. एकेक कण गोट्याएवढा. ड्रायव्हर निघून गेला. चाचा मात्र संध्याकाळपर्यंत ती वाळू बघत बसले. म्हणाले, एवढं बारीक दिसतंय, म्हणजे नजर चांगली आहे.

*

मग तलाठ्याचं. नकाशावरचे सर्व्हे नंबर वाचायला त्याच्याकडे दांड्याचं मोठं गोल भिंग होतं. त्या दिवशी फोटोला हायस्कूलचे हेडमास्तर आले होते, कोट आणि फेटा घालून. बदली झाली होती, शाळेच्या भिंतीवर फोटो लावायचा होता.

चाचा फडक्याखाली गेले. भिंग काचेजवळ धरलं, मग जरा लांब धरलं, मग आणखी लांब. एकाएकी फडकं फेकून बाहेर आले, ताठ उभे राहिले आणि हेडमास्तरांना सलाम केला. हेडमास्तरही गडबडून उभे राहिले. त्यांनीही नमस्कार केला. दोघं एकमेकांसमोर तसेच उभे! मी प्लेट हातात धरून मध्ये.

झालं होतं असं की असलं भिंग लांब धरलं की उलटं चित्र सुलटं दिसतं. तीस वर्षं ज्या काचेवर माणसं डोकं खाली करून आली, तिथे एकाएकी हेडमास्तर सरळ बसून चाचांकडे रोखून बघत होते.

भिंग परत करताना मी म्हटलं, चाचा, सुलटं दिसतं हे चांगलंच की. ते म्हणाले, “उलटा माणूस सामान असते. सुलटा झाला का तो आपल्याले पाहून राह्यते.”

हेडमास्तरांचे डोळे मीच काढले. माझेच. शाळेत ते अजूनही लटकत असतील.

*

तिसऱ्या भिंगाचं पाप मात्र माझ्याही डोक्यावर आहे.

वर्ध्याकडून खादीचे एक तपासनीस दर दोन-तीन महिन्यांनी यायचे. त्यांच्याकडे सूत मोजायचं घडीचं भिंग होतं, पितळेचं. उघडलं की चौकोनी पायावर उभं राहायचं, कापडावर ठेवायचं आणि इंचात किती धागे ते मोजायचे. चाचांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहराच उजळला. हात न लावता काचेवर उभं राहणारं भिंग! तपासनीस सज्जन. जेवायला जाताना ते आमच्याकडे ठेवून गेले.

अडचण एवढीच की चित्र उमटतं काचेच्या आतल्या बाजूला, आणि भिंग बसतं बाहेरच्या. काचेच्या जाडीएवढा फरक राहतो. चाचांनी जरा विचार केला आणि मला न विचारता कानस घेऊन त्या भिंगाचे पाय घासले. मी ओरडेपर्यंत काम झालं होतं. त्या दुपारी त्यांनी काढलेला फोटो मात्र चांगला आला, हे कबूल केलं पाहिजे. डोळ्यांना मला जेमतेम एक ठिपका द्यावा लागला.

तपासनीस जेवून आले, सुपारी कातरत भिंग खिशात टाकलं, आभार मानले आणि गेले. आम्ही दोघं त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो.

पुढच्या खेपेला आले तेव्हा धागे पुसट दिसतात म्हणून नवा चष्मा होता. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी नवा.

*

आता असंच भिंग विकत घ्यायचं ठरलं. आम्ही एसटीने नागपूरला गेलो. बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानात विक्रेत्याने काउंटरवर तीन भिंगं मांडली. एक घडीचं, एक नळीसारखं, आणि एक काळ्या रुंद बुडाचं, ज्यावर डोळा टेकवून बसता यायचं. चाचांनी तिन्ही डोळ्याला लावण्याआधी हातात घेतली, बोटाने कडा चाचपल्या, काउंटरवर उभी करून हळूच ढकलून बघितली. शेवटी रुंद बुडाचं उचललं आणि माझा हात ओढून त्यावर ठेवलं. डोळा टेकवला.

“पाह्य,” ते म्हणाले, “तुह्या बोटाले पेन्सिलीचा काळा डाग अजून हायच. कसा साफ दिसून राह्यला. हेच घेऊ.”

नागपूरला जायचं म्हणून मी त्या सकाळी हात साबणाने घासघासून धुतले होते. मी बोटाकडे बघितलं, डाग कुठेच नव्हता. मग विक्रेत्याला म्हटलं, हेच बांधून द्या.

येताना चाचा खिडकीशी बसले होते, मांडीवर भिंगाचं खोकं. सबंध रस्ताभर ते खोकं दोन्ही हातांनी धरून होते. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर मी थकलोही होतो. दुसऱ्यांचे डोळे काढून माझे स्वतःचे दुखायला लागले होते. मी ठरवलं, उद्या सांगायचं. चाचा, आता कॅमेरा मी बघतो, तुम्ही गिऱ्हाईक बघा. हे म्हणजे त्यांना घरी बसा म्हणण्यासारखंच होतं, हे मला कळत होतं. हे काम त्यांनीच मला शिकवलं होतं. रात्रभर मी ते वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने जुळवत राहिलो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर चाचा माझ्या आधी आलेले. कॅमेरा पुसून तयार. म्हणाले, नव्या भिंगाचा पहिला फोटो तुझा. मी म्हटलं, चाचा, मला जरा बोलायचं होतं. ते म्हणाले, फोटोनंतर बोल, आधी बस.

मी बाकावर बसलो. इतक्या वर्षांत कॅमेऱ्याच्या त्या बाजूला मी कधी बसलो नव्हतो. चाचा काळं फडकं घेऊन आत गेले. काचेवर भिंग टेकवल्याचा बारीक आवाज आला. मी लेन्सकडे बघितलं.

लेन्सला टोपण होतं.

मी बोलायला तोंड उघडलं.

“हलू नको,” चाचा आतून म्हणाले. “डोळे साफ दिसून राह्यले तुहे. एक एक पापणी.” मग म्हणाले, “रातभर झोपला नाहीस काय रे? काहून एवढा थकून गेला?”

मी तोंड मिटलं.

ते बाहेर आले. हात फिरवत पुढे येऊन टोपण चाचपलं, ते जागेवरच होतं, म्हणून समाधानाने मान हलवली. प्लेट बसवली. टोपण काढलं. एक, दोन, तीन. टोपण लावलं.

“हं, बोल आता. काय बोलायचं होतं?”

मी म्हटलं, “काही नाही चाचा. भिंग चांगलं आहे, एवढंच.”

ती प्लेट मी स्वतः धुतली. लाल दिव्याखाली धरली, मग बाहेर उजेडात आणून धरली, मग घड्याळजीकडून त्याचं ते काळं भिंग आणून लावून बघितलं. एक एक पापणी होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळंही होती, निगेटिव्हवर पांढरी. मी पेन्सिलीला टोक करून बसलो होतो, ती तशीच खाली ठेवली.