चाचीच्या पायाची पट्टी

शेलूबाजारजवळच्या एका गावात, समाजमंदिरात, आम्ही एका रविवाराआड फुकट दवाखाना चालवतो. आम्ही म्हणजे वाशीमचे एक डॉक्टर, एक औषधवाला आणि मी, खासगी दवाखान्यातली नर्स. डॉक्टर म्हणतात, आपण इथलेच, एवढं तर करायलाच पाहिजे. औषधवाला म्हणतो, रविवारी घरी बसलं की बायको माळा साफ करायला लावते. मी कोणाला कारण सांगत नाही. आठवडाभर मला ‘सिस्टर, सलाईन संपली’ एवढंच ऐकू येतं. इथे माणसं माझी वाट बघत बसलेली असतात. बाईचा हात हलका आहे, म्हणतात. ते ऐकायला मी जाते, आणि लोक त्याला सेवा म्हणतात.

चाची त्याच गावची, आठवडी बाजारात बांगड्या विकते. तिला साखरेचा आजार, डाव्या पायाच्या बोटाला जखम. पहिल्यांदा आली तेव्हा जखमेत कोणीतरी हळद आणि तंबाखू कोंबली होती. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर तिला झापलं आणि पट्टी बांधून म्हटलं, "चाची, आता ह्या पट्टीले दुसऱ्या कोनाले हात लावू देऊ नोका. मीच सोडीन, मीच बांधीन."

"तुमच्याशिवाय कोनालेच नाई," ती म्हणाली.

मला काय बरं वाटलं होतं तेव्हा! तिच्या गल्लीच्या तोंडाशी आरोग्य उपकेंद्र आहे, तिथली नर्स एक दिवसाआड पट्टी बदलून देते, हे मला माहीत होतं. त्या रागाच्या आणि कौतुकाच्या भरात ते सांगायचं सुचलंच नाही. की सुचलं आणि मी गिळलं, हे मी स्वतःला अजून विचारते.

पुढच्या दवाखान्याच्या रविवारी डॉक्टरांच्या पुतण्याचं लग्न होतं. आम्ही तिघंही अकोल्याला जाऊन पोटभर जेवलो. दवाखाना बंद असल्याचा निरोप गावाच्या मोबाईल ग्रुपवर टाकला होता. चाचीकडे मोबाईल नाही. ती आली, पायरीवर बसून राहिली आणि गेली.

त्यानंतर ती आली तेव्हा पायाला माझीच जुनी पट्टी होती, वर पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी. पट्टी सोडताच वास आला. बोट काळं पडलेलं.

"उपकेंद्रात काहून नाई गेल्या?" मी ओरडलेच.

"तिथली पोरगी बलावत होती न. मी म्हनलं, नाई, आमच्या बाईनं कोनाले हात लावू देऊ नोका म्हनून सांगतलं हाये."

डॉक्टरांनी तिला तशीच गाडीत घालून वाशीमच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बोट काढावं लागलं. आणखी उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं.

पुढचे दोन दवाखाने मी चुकवले. एकदा डोकं दुखतंय म्हटलं, एकदा पाहुणे. शेवटी डॉक्टरच दारात गाडी घेऊन उभे राहिले, तेव्हा मी मुकाट्याने गाडीत बसले.

समाजमंदिरात चाची रांगेत पहिली होती. मला पाहून मागच्या बायांना सांगू लागली, "हेच ते बाई. इच्यामुळंच माहा पाय वाचला." बाया माझ्याकडे कौतुकाने बघू लागल्या. मला लाज वाटली, इतकी की तिथून उठून जावं. तिला बाजूला नेलं आणि सांगून टाकलं, "चाची, मी नाई वाचवला. माह्यामुळंच गेलं तुमचं बोट. उपकेंद्रात जा म्हनून मी सांगाले पाह्यजे होतं."

"मालूम हाये," चाची म्हणाली. "सरकारी दवाखान्याच्या डाक्टरनं बी हेच सांगतलं."

"मंग लोकायले असं कायले सांगता?"

तिने आवाज आणखी खाली आणला. "नाई तं तुमी येनं बंद करसान. दोन डाव नाई आल्या, तवाच समजलं मले."

मी खाली बसले, तिचा पाय मांडीवर घेतला. पट्टी सोडायच्या आधी उपकेंद्रात कोणत्या दिवशी जायचं ते नीट समजावून सांगितलं. चाची ऐकत होती, मान हलवत होती, आणि मी तिच्यापासून सुटायचा रस्ता शोधतेय, अशा नजरेने माझ्याकडे बघत होती.