देवाची झोप आणि मरीआईचा गाडा

आमच्या घरी पोथ्या नव्हत्या, पत्रकं होती. सभांमध्ये वाटलेली, कडेनं फाटलेली. त्यांवरच मी वाचायला शिकलो. दुष्काळाच्या वर्षी कारंज्याच्या वाचनालयात प्राचीन इराकातल्या अक्कादी देवांवरचं एक जुनं पुस्तक हाती आलं, तेही मी पत्रकासारखंच वाचलं, संतापून. त्यातल्या हजारो वर्षांपूर्वीच्या एका काव्यात माणसांच्या गोंगाटानं मोठ्या देवाची झोप मोडते. एवढ्यावरून तो रोगराई पाठवतो, मग अवर्षण, शेवटी महापूर.

त्याच उन्हाळ्यात गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. रिवाज असा, की साथ आली की मरीआईचा लाकडी गाडा शिवेपलीकडे सोडून यायचा. रोग त्याच्यासोबत जातो. ओढायचं काम आमच्या वस्तीचं. पण बौद्ध झाल्यापासून बापानं गाड्याला हात लावला नव्हता. आम्हाला पारावर बोलावणं आलं. गाडा ओढा, नाहीतर विहीर बंद.

मी तिथं त्या काव्यातली गोष्ट सांगितली. झोपमोड झाली म्हणून लेकरं मारतो, असा देव मानायचा कशाला, असं विचारलं.

म्हाताऱ्या पाटलानं सगळं शांतपणे ऐकलं. "मंग त्या लोकायनं काय केलं?"

"रोगाचा देव वेगळा होता, त्याच्या दारात भाकरी नेली. तो लाजला, साथ थांबली."

"पाह्य! पुस्तकातबी निवदच देल्ला. लेका, शिकूनसवरून आमचंच सांगून राह्यला तू!"

पारावर हशा पिकला. बाप उठला.

"पाटील, तो देव तरी लाजला. आमी गाडा नाई ओढत."

हसणं थांबलं. "तुयी मर्जी," पाटील म्हणाला.

सकाळी विहिरीवर काठ्या घेतलेली माणसं बसली होती. आई नाल्यातला झिरा उकरून पाणी घेऊन आली.

दुपारी गावकऱ्यांनी स्वतःच गाडा ओढला. आम्ही दारातून पाहत होतो. हळद, लिंबाचा पाला, पुढं डफडं. तो शिवेकडे गेलाच नाही. आमच्या वस्तीच्या तोंडाशी वळला आणि थांबला. डफडं बंद झालं. माणसं गाडा तिथंच सोडून, रिवाजाप्रमाणे मागं वळून न पाहता निघून गेली.

"हात नका लावू कोनी," बाप म्हणाला.

आईनं झिऱ्याचं गढूळ पाणी लुगड्याच्या घडीतून गाळलं आणि उकळायला ठेवलं. धाकटी बहीण सकाळपासून उलट्या-जुलाबांनी गळून पाणी पाणी करत होती. आता तिचा आवाजही बसला होता.