खाड्याचे चार दिवस

हर्षालीने मेसच्या ललिताकाकूंना सांगितलं, गावी जातेय, चार दिवस खाडा धरा. मग खोलीवर येऊन तिने दाराला आतून कडी लावली आणि कॉटवर बसून राहिली. गावी जायचंच नव्हतं.

मेसचा कायदा साधा. जेवा नाहीतर जेवू नका, पैसे द्यायचे. आधी सांगून सलग चार दिवस गैरहजर राहिलात तरच तेवढे वजा होतात, त्याला खाडा म्हणायचं. काकू तशा मायाळू, पण हिशेबात सख्ख्या भावालाही न सोडणाऱ्या. मध्ये एक वेळ जरी कोणी ताटावर बसलं, तरी खाडा मोडला.

हर्षाली नाशिकमध्ये फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. शिक्षण बँकेच्या कर्जावर. मुद्दल नोकरी लागल्यावर फेडायचं, व्याज मात्र दर महिन्याला. ते ती शिकवण्यांतून भरायची. पण परीक्षा संपल्या की शिकवणीची मुलं पांगत आणि पैसे कमी पडत. मागे एकदा व्याज चुकलं, तेव्हा बँकेचा फोन जामीन राहिलेल्या मामाला गेला. मामाने एका हळदीत तिच्या वडिलांना चार लोकांसमोर सुनावलं. मल्हारीअण्णा मान खाली घालून भरल्या ताटावरून उठले. उपाशी राहीन पण तो फोन पुन्हा जाऊ देणार नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं. लोक असं नुसतं बोलतात, या वेडीने ते खरं केलं.

खोलीतल्या दोघी सहलीला गेल्या होत्या. त्यांनी हिला विचारलंही नव्हतं, कारण पैसे लागतील म्हणून ही प्रत्येक गोष्टीला नाही म्हणायची. मेस समोरच असल्याने बाहेर पडायची सोय नव्हती. मुरमुरे खायचे, पाणी प्यायचं आणि पडून राहायचं. आपण आहोत की नाही याची कोणाला दखलच नाही, असं तिला वाटू लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. अण्णा सायखेड्याहून झेंडू घेऊन फुलबाजारात आले होते. आईने दिलेला डबा पोहोचवायला ते मेसवर गेले, तर काकू म्हणाल्या, पोरगी गावी गेलीय.

"कुठं हायेस गं?" अण्णांनी विचारलं. आवाज शांत होता, त्याचीच तिला भीती वाटली.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग अण्णा संध्याकाळच्या आत त्याच मामाच्या दारात उसने मागायला जाऊन उभे राहिले असते.

"मैत्रिणींबरोबर त्र्यंबकेश्वरला आलेय, अण्णा. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

आता बोलणी बसणार, असं तिला वाटलं.

"रागवू कशाला? लय बरं झालं. तुझी आई रोज म्हणती, पोर तिथं एकटी पडली आसंल. आता सांगतो तिला. डबा बाईंकडं ठेवलाय, आल्यावर खा."

तिने खिडकी बोटभर उघडली. अण्णा खालीच, रस्त्यात उभे होते आणि स्वतःशीच हसत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिने ओढणी तोंडात कोंबली आणि ते कोपऱ्यावर वळेपर्यंत रडत उभी राहिली.

खाडा पूर्ण करून ती मेसवर गेली. काकूंनी चार दिवस बिनतक्रार वजा केले. डब्यातली भाजी आंबली होती म्हणून त्यांनी टाकून दिली होती, डबा घासून ठेवला होता. ते वाचलेले पैसे घालून त्याच दिवशी व्याज भरून झालं.

संध्याकाळी आईचा फोन आला. त्र्यंबकला गर्दी होती का, दर्शन नीट झालं का, आणि मैत्रिणींची नावं काय. हर्षालीने सुचली ती सांगितली, छाया आणि स्नेहल. आईने ती दोनदा म्हणून पाहिली.

"सुट्टीत घेऊन ये दोघींना," आई म्हणाली. "मी मांडे करीन."

"आणते," हर्षाली म्हणाली.