चावी देण्याआधीचा भात

खोली भाड्याने देण्याआधी गोमीआत्या त्या खोलीत भात शिजवून जेवायची. भाडेकरू सामान घेऊन दारात उभा असला तरी तिचं जेवण झाल्याशिवाय त्याला चावी मिळत नसे. एका हातात छोटा गॅस, दुसऱ्या हातात तांदळाचं पातेलं आणि पदराच्या टोकाला बांधलेले सुके बोंबील, अशी ती खोलीत शिरायची. भात शिजला की पेज मोरीत ओतायची आणि ती किती वेळात जाते ते बघत उभी राहायची. मग तव्यावर बोंबील भाजायची. वास खिडकीतून बाहेर गेला तर ठीक. शेजारच्या खोलीतून कोणी "आज काय बेत?" असं विचारलं की ती खोली नापास.

"नवी खोली दिसते कशी, ते सगल्यांना दिसतं," ती म्हणायची. "वागते कशी, ते जेवल्याशिवाय नाय कलत. ज्या खोलीत मना भात शिजवता येत नाय, ती मी दुसऱ्याला कशी देऊ?"

गोमीआत्या माझ्या नवऱ्याची आत्या. सासर आणि माहेर एकाच गावात, त्यामुळे ती आमच्याकडे पाहुणी म्हणून कधी आलीच नाही, रोजचीच होती. आमचं गाव खांदा कॉलनीला लागून आहे. आमच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि गावात पैसा आला. बऱ्याच घरांत तो गाड्यांमध्ये आणि हळदीच्या मांडवांमध्ये गेला. आत्याने अंगणाच्या कडेने खोल्यांची ओळ बांधली. शेवटच्या खोलीत ती स्वतः राहायची. स्वतःचा स्वयंपाक मात्र अंगणातल्या चुलीवर करायची. गॅस असताना चूल कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "गॅसवरच्या भाकरीला चव नाय." आम्हाला ते खरं वाटायचं, कारण तिच्या भाकरीला खरोखरच चव होती.

मी तिच्या अगदी उलट. अनोळखी पुरुष दारात आला की मी आतूनच सांगायची, "घरात कोणी नाही." मी घरात असायची, पण स्वतःला मोजायचीच नाही.

सासरे गेले आणि घराची वाटणी झाली. पुढचं घर सामाईक राहिलं, मागच्या दोन खोल्या आमच्या वाट्याला आल्या, बाजूच्या दोन दिरांच्या. माझे दीर मधुकरभाऊजी तेव्हापासून म्हणत होते की सगळं घर बिल्डरला देऊन टाकू, फ्लॅट घेऊ आणि मोकळे होऊ. माझा नवरा जासईच्या बाजूला कंटेनरच्या यार्डात ट्रेलर चालवतो, आठवड्यातले बरेच दिवस बाहेर. त्याच्या पगारात घर चालायचं, पण आमच्या सुजाताला नर्सिंगला जायचं होतं. मी घाबरत घाबरत म्हटलं, दोन खोल्या भाड्याने दिल्या तर तिची फी निघेल. नवरा म्हणाला, "वर्षभर बघ. तुला जमलं तर घर ठेवू. नाय जमलं तर मधू सांगतोय तसं करू." म्हणजे सुजाताचं शिक्षण आणि ते घर, दोन्ही माझ्या तोंडावर अवलंबून. आणि माझं तोंड तर उघडतच नव्हतं.

मी गोमीआत्याकडे गेले. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आत्या, तुमीच माझ्या खोल्या बघा. भाडेकरूंशी तुमीच बोला."

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "शिकवीन. बोलनार नाय."

दुसऱ्या दिवशी ती गॅस आणि पातेलं घेऊन आमच्याकडे हजर. मी खोल्यांना गुलाबी रंग देऊन ठेवला होता. तिने भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. पेज मोरीत ओतली, ती गोल फिरली आणि उंबऱ्याकडे परत आली. मोरीचा उतारच उलटा होता.

"रंग कोनी सांगितला द्यायला?"

"चांगला दिसतो म्हणून."

"आदी पानी, मग लाइट, मग कडी-कोयंडा. पैसे उरले तर रंग. भाडेकरू रंगाला भुलून येतो आनि पान्यापायी जातो."

मधुकरभाऊजी दारात येऊन हसले. "आत्या, खोली भाड्याने द्यायची हाय का खानावल काढायची?"

"बस, जेव," ती म्हणाली. "मग काय बोलायचा ते बोल." भाऊजी जेवले आणि न बोलताच गेले. आत्याच्या हातचा बोंबील खाऊन लगेच टोमणा मारणं कोणालाच जमत नसे.

मिस्त्री बोलावून मोरी फोडली. दोन्ही खोल्यांना वेगळे मीटर लावले, कारण आत्याचं म्हणणं असं की एका मीटरवर दोन चुली असल्या की भांडण मालकिणीच्या दारात येतं. मला वाटलं आता झालं. पण खरं शिक्षण पुढेच होतं. संध्याकाळी मी तिच्या चुलीपाशी बसायची आणि ती एकेक गोष्ट सांगायची. वर्षातला एखादा महिना खोली रिकामी राहणार असं धरूनच चालायचं. भाड्यातला थोडा भाग नळ-कौलांसाठी बाजूला काढायचा, नळ फुटल्यावर नाही, आधीच. कराराचा कागद झाल्याशिवाय आणि राहणाऱ्यांची नावं पोलीस ठाण्यात दिल्याशिवाय चावी द्यायची नाही. भाडेकरूच्या खोलीत त्याला सांगितल्याशिवाय जायचं नाही, चावी आपल्याकडे असली तरी. "खोली आपली, पन घर त्याचं," ती म्हणायची.

डिपॉझिटचा विषय निघाला की ती आधी स्वतःवरच हसून घ्यायची. थोरल्या मुलाच्या लग्नात तिने भाडेकरूचं डिपॉझिट हळदीत घातलं होतं. गावात आपली हळद कमी दिसता कामा नये, म्हणून मोठा मांडव, बेंजो, सगळ्या गावाला जेवण. दोन महिन्यांनी भाडेकरूची बदली झाली आणि तो डिपॉझिट मागायला आला. "माज्या पोराच्या हलदीत तो पन नाचला होता गो," ती सांगायची. "सोताच्याच पैशावर नाचला, आनि वर मना आहेर पन केला." तिने पाटल्या मोडून त्याचे पैसे परत केले. तेव्हापासून डिपॉझिट बँकेत वेगळं. "ते आपलं नसतं. पाव्हन्याने पिशवी ठेवायला दिली तर आपन उघडतो का?"

खोल्या तयार झाल्या आणि भाऊजी एका माणसाला घेऊन आले. उरणकडचा, लांबच्या नात्यातला. त्याला कामगार ठेवायला दोन्ही खोल्या हव्या होत्या. भाडंही चांगलं देणार होता. आत्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी दाराच्या आत.

"वहिनी, चावी आना," भाऊजी म्हणाले. "आजच सामान टाकतो तो."

मला करार आठवला. मी आतूनच पुटपुटले, "कागद?"

तो माणूस हसला. "आपल्या मानसाकडनं कसला कागद घेता? सोयऱ्यांचा एवढा पन इश्वास नाय?"

आमच्याकडे हे वाक्य आलं की पुढचा माणूस गप्प होतो. नात्यातल्याकडून सही मागणं म्हणजे त्याला पंगतीतून उठवल्यासारखं. गावातल्या कितीतरी खोल्या याच एका वाक्यावर दिल्या गेल्या आणि मग परत मिळवताना सोयरिकी तुटल्या. मी आत्याकडे बघितलं. ती तांदळातले खडे काढत होती. तिने मान वर केली नाही. शिकवीन, बोलणार नाही, असं ती म्हणाली होती आणि ती शब्दाची पक्की होती.

मी उंबरा ओलांडून बाहेर आले. डोक्यावरचा पदर सारखा केला. शब्द बाहेर पडले. "करार झाल्यावर चावी. कामगारांची नावं पण पोलीस ठाण्यात द्यावी लागतील. आपल्या मानसाला तर कागदाची भीती नसायला पायजे."

तो माणूस भाऊजींकडे बघायला लागला. भाऊजी माझ्याकडे. मग दोघेही गाडीत बसून निघून गेले. मी मटकन आत्याजवळ बसले.

"आवाज जरा बारीक होता," आत्या म्हणाली आणि सूप माझ्या हातात दिलं. "धर. उरलेलं तू निवड."

त्यानंतर खोल्या रिकाम्याच राहिल्या. भाऊजी बोलेनासे झाले. नवरा यार्डातून आला की विचारायचा, "आलं का कोनी?" आणि मी मान हलवायची. सुजाताच्या प्रवेशाचे दिवस जवळ येत होते. मला रोज वाटायचं, जाऊन त्या माणसाला बोलावून आणावं. आत्या म्हणायची, "रिकाम्या खोलीला घाबरून भाडेकरू घेऊ नको. भीतीने घेतलेला मानूस भीतीच देतो."

मग एक दिवस शबाना आली, सासूचा हात धरून. नवरा दुबईला. पनवेलमध्ये बऱ्याच ठिकाणी खोली बघून, नाव सांगितल्यावर परत फिरून ती आमच्याकडे पोहोचली होती. तिने भाडं विचारलं नाही, रंग बघितला नाही. "भाभी, पाणी किती वाजता येतं? अम्मीला रात्री मोरीत जावं लागतं, दिवा बाहेर आहे का आत?"

मी आत्याकडे बघितलं. तिचे डोळे हसत होते. जो पाण्याचं विचारतो तो राहायला आलेला असतो, हे तिचं ठाम मत होतं.

भाऊजी पुढच्या घरातून आले. "वहिनी, गावात लोक काय बोलतील?"

आत्या शबानाच्या सासूला म्हणाली, "बोंबील खाता का तुमी?"

"भाजलेले," म्हातारी म्हणाली. "वर कांदा."

"आनि लिंबू?"

"लिंबाशिवाय कसे?"

"मग लोकांचा मी बघते," आत्या भाऊजींना म्हणाली. "तू लिंबं आन."

कराराच्या दिवशी आम्ही तिघी एजंटच्या टेबलापाशी बसलो. तो म्हणाला, सगळ्यांचे असेच असतात, सही करा. आत्याला वाचता येत नव्हतं. तिने कागद माझ्याकडे सरकवला. "तू वाच. मी ऐकते." माझी चौथी झालेली. एकेक शब्द बोटाने धरून मी मोठ्याने वाचायला लागले. एजंट घड्याळाकडे बघत होता. मी अडखळले की आत्या म्हणायची, "सावकाश. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय." वाचता वाचता लक्षात आलं की दुरुस्ती कोणी करायची ते त्यात लिहिलेलंच नव्हतं. मी सांगितलं, त्याने ते घातलं. शबाना म्हणाली, "बरं झालं भाभी, नंतर आपल्यात वाद नको." त्या दिवशी मी माझ्या नावाची सही पूर्ण केली, आडनावासकट.

दुसरी खोली महिन्याभरात शबानाच्याच ओळखीने गेली. सुजाताला प्रवेश मिळाला. वर्ष संपलं तेव्हा नवऱ्याने बिल्डरचा विषय काढला नाही. भाऊजींनीच काढला, पण वेगळ्या तऱ्हेने. त्यांच्या वाट्याची एक खोली रिकामी होती. ओट्यावर येऊन, पायरीकडे बघत म्हणाले, "वहिनी, जरा त्या खोलीत भात शिजवून बघता का?"

सुजाता आता पनवेलच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. गोमीआत्या आजारी पडली तेव्हा तिला सलाईन सुजातानेच लावलं. आत्याने तिचा हात धरून मला सांगितलं, "बघ, ही तुज्या खोल्यांची पोर." चार दिवसांनी आत्या गेली. तिचे सगळे भाडेकरू खांदा द्यायला आले, जे सोडून गेले होते तेही.

तिची मुलं कॉलनीत फ्लॅटमध्ये राहतात. बारावं-तेरावं झाल्यावर थोरला माझ्याकडे आला. "वहिनी, आईची खोली भाड्याला द्यायची हाय. तुमीच बघा."

मी तिचंच पातेलं घेतलं, तिचाच छोटा गॅस. दार लोटून तांदूळ शिजत ठेवले. भात होईपर्यंत खोली वाफेने भरली. बोंबील तव्यावर टाकले आणि धूर वर जाऊन परत माझ्याच तोंडावर आला. डोळे चुरचुरायला लागले. मी खिडकी शोधली. कपाट सरकवलं तर मागे खिडकीची चौकट होती, विटांनी बुजवलेली. पलीकडे भाडेकरूंचं न्हाणीघर. त्यांच्यासाठी तिने ते बांधलं तेव्हा आपली खिडकी बंद केली होती. मोरीत पेज ओतली, तीही अर्ध्यावर थांबली.

एवढ्या वर्षांत तिने सगळ्या खोल्या जेवून पारखल्या आणि नापास झालेली तेवढी स्वतःला ठेवली. चूल अंगणात का होती ते मला तिथे, डोळे पुसताना कळलं.

थोरला दारात उभा होता. मी त्याला सांगितलं, अंगणाच्या बाजूची भिंत फोडून खिडकी काढ, मोरी नवी कर, तोपर्यंत ही खोली द्यायची नाय.

"वहिनी, एवढी वर्षं आई राहिली की इथे."

"म्हनूनच," मी म्हटलं. या वेळी माझा आवाज बारीक नव्हता.

मिस्त्रीने खिडकी काढली. तिच्यातून समोर आत्याची चूल दिसते. मी परत भात लावला, पेज ओतली, ती सरळ निघून गेली. बोंबलाचा धूर खिडकीतून अंगणात गेला. मी खाली पोतं घालून बसले आणि पोटभर जेवले. मग पातेलं घासलं, दाराला कुलूप लावलं आणि चावी पदराला बांधली.