भरावाची जमीन

ऑफिसात सगळे तिला मातीबाई म्हणत. इमारत बांधण्याआधी जमीन तिचा भार पेलेल की नाही, हे तपासणं तिचं काम. नवरा अचानक गेला, आणि दुसऱ्याच आठवड्यात ती कामावर हजर झाली. लोक तिच्यासमोर हळू आवाजात बोलत, तेव्हा तिला जाणवे की आपण रडायला हवं. पण रडू येतच नव्हतं. चहा गार होई, ती तसाच पिऊन टाकी.

नवऱ्याने शहराबाहेर एक प्लॉट घेऊन ठेवला होता. पूर्वी तिथे तळं होतं. कुणीतरी राडारोडा टाकून ते बुजवलेलं. एका संध्याकाळी धाकटा दीर दुमजली घराचा नकाशा घेऊन आला.

"वहिनी, दादाचं काम अर्धवट राहायला नको. खाली तुम्ही आणि आई, वर आम्ही."

"आधी जमीन बघू."

"घरच्या जमिनीचीही परीक्षा?"

"घरची म्हणून ती कमी खचत नाही, भाऊजी."

रविवारी बोअरिंगचं मशीन आलं. तिपाईला टांगलेला हातोडा नळीवर आपटायचा आणि नळी किती सहज आत जाते ते बघायचं. राडारोड्यात हातोडा नुसता ठणठण वाजला, नळी जेमतेम सरकली. तो थर संपल्यावर मिस्त्रीने हातोडा नुसता टेकवला, तर नळी आपली आपण खाली गेली.

"बाई, हे तर लोणी आहे!" मिस्त्री हसला. मग प्लॉट कुणाचा ते आठवून घाईघाईने नळी वर ओढू लागला.

नळीतून काळी, चिकट माती निघाली. कुजलेल्या लव्हाळ्याचा वास आला. तिने अंगठा दाबला, तो सहज आत रुतला. नमुन्यांच्या नळ्यांची तोंडं मेणाने बंद करून तिने चिठ्ठीवर मालक म्हणून नवऱ्याचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. तिचं तिलाच नवल वाटलं.

प्रयोगशाळेत वजनाखाली ठेवलेला नमुना दबत राहिला, थांबेचना. तिने घरी येऊन सांगितलं, "दुमजली नको. एका कोपऱ्यात चिखल फार खोल आहे. घर एका अंगाला कललं की भिंती फाटतात."

"दादाचं स्वप्न होतं ते," दीर म्हणाला.

"जमिनीला ते कुठे ठाऊक?"

दीर ताडकन उठला. "वहिनी, तुम्ही दगड आहात, दगड!"

"दगड असती तर बरंच झालं असतं," आतून सासूबाई म्हणाल्या, "तिच्यावरच बांधलं असतं घर!"

तिघंही हसली. तीही हसली, आपला चेहरा हसतोय एवढंच तिला कळलं.

शेवटी प्लॉटवर मातीचा मोठा ढीग रचला, म्हणजे त्याच्या वजनाने खालचं पाणी निघून जमीन आधीच दबेल. वर्षभर वाट पाहिली. दीर सुट्टीच्या दिवशी येऊन जमीन किती बसली ते तिच्याकडून समजून घेई. रागाचा विषय पुन्हा निघाला नाही. जमीन दबायची थांबल्यावर ढीग हलवला, सगळीकडे एकसंध जाड स्लॅब घातला आणि त्यावर हलकं, एकमजली घर उभं राहिलं. दीर भाड्याच्याच घरात राहिला.

सासूबाईंनी उन्हाची खोली घेतली. भिंतींना तडा गेला नाही. ओळखीचे विचारत, "नव्या घरात कसं वाटतं?"

थोडा विचार करून ती सांगे, "नळाला पाणी चांगलं येतं."