नरहरीकाकांनी पाळलेला ठराव

नरहरी चुरी हा माणूस हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. वय पंच्याहत्तर, गिरीज गावात केळीची वाडी. आम्ही समोरच्या बिल्डिंगमधले, मूळचे साताऱ्याचे. अकरा वर्षं मी त्यांच्याकडून केळी घेते आणि अकरा वर्षं त्यांची बोलणी खाते.

वाडीच्या कडेला बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. आजूबाजूच्या वाड्या त्यावरच जगायच्या. ते बुजवून रस्ता काढायचं महापालिकेत घाटत होतं. आमचे नगरसेवक प्रीतम, काकांचे सख्खे धाकटे भाऊ, घरं कुंपणाला कुंपण लागून. काका म्हणाले, गावाला विचारू. देवळाच्या ओट्यावर रांजण ठेवला. माणशी एक दाणा. वाल टाकला तर बावखल राहू दे, चिंचोका टाकला तर बुजवा. वाल निघाले चारशे अडतीस, चिंचोके एकवीस. प्रीतमनी सगळ्यांसमोर हो म्हणून मान डोलावली. "गाव करील ते राव काय करील," काका खुशीत म्हणाले.

महिन्याभराने सभागृहात प्रीतमनी रस्त्याच्या बाजूने हात वर केला.

"दादा, रांजणाला कायद्यात जागा नाही," ते काकांना म्हणाले. "आणि मला बिल्डिंगवाल्यांनीही निवडून दिलंय. त्यांना दिलास का तू दाणा?"

खोटं कशाला बोलू, आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, आणि मला रस्ता हवा होता. सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा रिक्षा आत येईना, त्यांना खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत न्यावं लागलं होतं. मी काकांना हे तोंडावर सांगितलं. म्हणाले, "तुम्हाला विचारायला हवं होतं, ती चूक माझी. पण तोंडाने हो म्हणून हाताने नाही करायचं, ही कोणाची?" कधी वाटतं, लोकांचा कौल निवडून आलेल्याला कायद्यानेच बंधनकारक करावा, म्हणजे ही पलटी बंद होईल. कधी वाटतं, मग माझ्यासारख्या न विचारलेल्यांनी जायचं कुठे?

चार दिवसांत डंपरने बावखल भरलं. गाव पेटलं. शांताराम नावाच्या वाडीवाल्याने बैठकीत ठराव मांडला, प्रीतमच्या उंबऱ्याला कोणी शिवायचं नाही, बोलायचं नाही. सगळे हात वर गेले. काकांचाही गेला.

"काका, असल्या बहिष्काराला कायद्याने बंदी आहे," मी म्हटलं.

"कायदा दोन्ही वेळा त्याच्याच बाजूने का ग, बाय?"

पुढे दोन वर्षं हा माणूस भावाशी बोलला नाही. आणि तुटत होता हो आतून. प्रीतमना राजेळी केळी फार आवडतात. काका दर हंगामात पहिला घड बाजूला ठेवायचे, पिकला की उचलून कुंपणापर्यंत जायचे, उभे राहायचे आणि परत यायचे. केळी काळी पडली की गाईपुढे. पलीकडून खोकल्याचा आवाज आला की हातातला कोयता थांबायचा. एकदा मला म्हणाले, "घास उतरत नाही ग त्याच्या हाकेशिवाय. जेवताना रोज हाक मारायचा, दादा आज काय केलंय?" मला चिडायचं होतं, पण मला रडूच आलं.

मग प्रीतमच्या मुलीचं, रिद्धीचं लग्न ठरलं. ती स्वतः पत्रिका घेऊन आली. काकांनी ती कपाळाला लावली, पण येतो म्हणाले नाहीत. ठराव गावाचा आहे, गावानेच सोडवला पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात. घरोघर फिरून परवानगी मागायला निघाले.

पहिल्याच घरातला फेबियन म्हणाला, "अहो काका, मी मागल्या वर्षीच प्रीतमकडे गेलो होतो. दाखल्यावर सही पाहिजे होती." कॅथरिन नाताळात केक देऊन आली होती. आणि तो शांताराम, ठराव मांडणारा, दर रविवारी प्रीतमच्या ओटीवर पत्ते कुटत होता. "तुम्ही अजून धरून बसलाय होय?" असं वर हसून विचारलं त्याने.

काका माझ्या दारात येऊन बसले. "दोन वर्षं मी एकटाच पाळत होतो, बाय. मला कोणी सांगितलंसुद्धा नाही." गावाला शिव्या द्यायला माझी जीभ वळवळत होती. त्यांचा चेहरा बघितला आणि आत जाऊन पाणी आणलं.

हळदीच्या दिवशी मी त्यांना हाताला धरून घेऊन गेले. प्रीतम मांडवात खुर्च्या लावून घेत होते. काकांना बघून तिथेच थिजले.

"दादा, दोन वर्षं," ते म्हणाले. "सगळे येत होते रे. तुला कोणी बांधून ठेवलं होतं?"

"कोणी नाही," काका म्हणाले. "हात माझा मीच वर केला होता. बांधलं असतं तर पाळण्यात माझं काय होतं?"

प्रीतमनी मान खाली घातली आणि जवळची खुर्ची ओढून काकांपुढे ठेवली.