तांब्यावरची अक्षरं

दुपारी डोळा लागला की अजूनही ती मुलगी दिसते. पोलीस ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसलेली, मांडीवर पितळी तांब्या.

दुष्काळाचं साल होतं, मी त्या ठाण्यात फौजदार. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघाल्या होत्या. मांजरसुंब्याच्या ढाबेवाल्यानं निरोप धाडला, की आईला पाणी आणायला उतरलेली एक पोर मागं राहिलीय आणि ट्रक निघून गेलाय. तीन-चार वर्षांची असेल. स्टेशन डायरीला नोंद केली, बिनतारी संदेश दिले. उद्या तिला बालगृहात पाठवावं लागणार होतं. आईबाप टोळीबरोबर फिरणारे. मग कोण कुणाला शोधणार?

जमादारांनी चौकशी केली. बापाचं नाव? बापू. आईचं? आई. गाव?

"आमच्या घरी."

"लई पक्का आरोपी हाय, साहेब," जमादार म्हणाले.

तांब्यावर अक्षरं कोरलेली होती: म म क ड न क ड. नाव घालणारा अक्षरामागं पैसे घेतो, काना-मात्रा फुकटात, म्हणून हलक्या हातानं. पाणी नसलं की भांडी कोरड्या मातीनं घासतात. हलकं होतं ते झिजून गेलं होतं. शेवटचं 'कडा' हे गाव असावं, एवढं लागलं. तिथल्या चौकीला विचारलं. कड्यात कुणाची पोर हरवली नव्हती.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि त्याचा मला अभिमान आहे. अक्षरं कागदावर मांडून बसलो. उन्हाच्या झळांत ती पाण्यासारखी हलायला लागली, अन् आमच्या घरातला हंडा आठवला. त्यावर वडिलांचं नाव नव्हतंच. आईच्या लग्नात तिच्या मामानं दिलेला, म्हणून नाव मामाचं. गरिबाच्या घरात नावाचं भांडं येतं ते आहेरातच.

मामाकडून, कडा.

म्हणजे ते गाव मुलीचं नव्हतं, देणाऱ्याचं होतं. चौकीला पुन्हा फोन केला: हरवलेली पोर नको, भाचीला तांब्या कुणी दिला ते विचारा.

संध्याकाळच्या एसटीनं कड्याच्या कारखान्याचा एक वॉचमन आला. त्यानं आधी पोरीकडं पाहिलं, मग तांब्याकडं.

"मीच दिलता. भाची दिंद्रुडला दिलीय, तिची धाकटी ही."

भाची कुठल्या कारखान्यावर गेली, हेही त्याला ठाऊक होतं.

सकाळी आई पोचली. पोर दुसऱ्या ट्रकमध्ये बापापाशी आहे, असंच ती धरून चालली होती. मुलगी रडली नाही. ठाण्याच्या रांजणातून भरलेला तांब्या तिनं पुढं केला. "आई, पानी." बाई आधी ते सगळं पाणी प्याली, मग खाली बसून रडली.

पुढं नोकरीत 'वस्तू कुणाची?' याच्या आधी मी विचारायचो, 'ही दिली कुणी?' माणसाचा पत्ता बहुतेक वेळा तिथंच लागतो.

आमच्या हंड्यावरच्या काना-मात्राही आता गेल्यात. मुलगा म्हणतो, नव्यानं नाव घालून घ्या. मी घातलं नाही. मला वाचता येतं.